कोणत्या पाण्याला कोणती टाकी? खानदेशातल्या कारखान्यांसाठी ॲनएरोबिक रिॲक्टर निवडण्याची रीत

मार्चमधली सकाळ. धुळ्याजवळच्या एका डेअरीच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) शिडी चढून टाकीच्या माथ्यावर गेलो आणि खाली बघितलं, तर गाळ वर आलेला. तळाशी बसायला हवा तो काळा दाणेदार गाळ पांढुरक्या चिकट थरात गुरफटून तरंगत होता आणि आउटलेटच्या खाचांमधून हळूहळू बाहेर चालला होता. ऑपरेटर आबा शेजारी उभे होते. म्हणाले, "भाऊ, यानं पोट बिघडी गयं."

टाकी यूएएसबी (पाणी तळातून वर चढवून गाळाच्या थरातून नेणारी ॲनएरोबिक टाकी) होती, बांधकाम चोख होतं आणि निवड माझी होती. पाण्यात स्निग्धांश किती, हे मी एकाच नमुन्यावरून धरलं होतं, आणि तो नमुना तूप विभाग सुरू होण्याआधीचा होता. तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला: आधी पाणी, मग ते सांभाळणारी माणसं, मग जागा, आणि टाकीचं नाव सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे डेअरी, फळप्रक्रिया, स्टार्च किंवा वसतिगृह चालवणाऱ्यांना सप्लायरसमोर बसण्याआधी तो वाचता यावा, एवढाच हेतू.

टाकीच्या आत काय चालतं

हवा न लागता सेंद्रिय माल कुजतो तेव्हा काम दोन टोळ्यांत वाटलेलं असतं. पहिली टोळी पिष्ट, साखर, प्रथिनं, चरबी फोडून त्यांची आम्लं करते. ही मंडळी वेगानं वाढतात आणि फारशी कुरकुर करत नाहीत. दुसरी टोळी त्या आम्लांपासून मिथेन करते. ती हळू वाढते, दुप्पट व्हायला तिला काही दिवस लागतात, आणि पीएच ६.८ ते ७.४ च्या बाहेर गेला की काम टाकते. बहुतेक बिघाड याच तफावतीतून होतात. आम्लवाले पुढे धावतात, मिथेनवाले मागे राहतात आणि टाकी आंबते.

हिशेबाला एक आकडा पाठ असू द्या. सीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, ती रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन. एक किलो सीओडी पचला की साधारण ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो (शून्य अंश तापमानाला मोजलेला). तोच किलो एरेशन टाकीत (हवा फुंकून पाणी शुद्ध करणाऱ्या) संपवायचा तर ढोबळमानानं पाऊण ते एक युनिट वीज जाते आणि वर कित्येक पट जास्त गाळ तयार होतो.

पहिली पायरी: पाण्याची कुंडली

दुपारी बारा वाजता बाटली भरून लॅबला पाठवली म्हणजे पाणी तपासलं, असं होत नाही. डेअरीत पहाटे टँकर धुतात, दुपारी पाश्चरायझर, आणि संध्याकाळी कॉस्टिक-ॲसिडची सीआयपी धुलाई (यंत्रं न उघडता आतून धुणं) होते. प्रत्येक वेळचं पाणी वेगळं. म्हणून दर तासाला नमुना घ्यायचा, त्या तासाच्या प्रवाहाच्या प्रमाणात मिसळायचा आणि चोवीस तासांचा एकत्रित नमुना करायचा. असं किमान सात दिवस. हंगामी माल असेल तर हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा.

या तपासण्या मागा: सीओडी (एकूण आणि गाळलेला, दोन्ही), बीओडी (जिवाणूंना घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन), टीएसएस (पाण्यात तरंगणारा घन माल), तेल-तूप, सल्फेट, नायट्रोजन, फॉस्फरस, अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद), पीएच, तापमान. यातून निघणारे चार आकडे टाकी ठरवतात.

तेल-तूप. लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या वर गेलं की यूएएसबीवाल्यानं सावध व्हावं. चरबीतून सुटणारी लांब साखळीची आम्लं गाळाच्या दाण्यांना चिकटतात. दाणा हलका होतो, वर येतो, वाहून जातो. धुळ्याला हेच झालं होतं.

टीएसएस. न विरघळणारा माल पचायला वेळ लागतो. तो दाण्यांच्या थरात साचत गेला तर जिवंत गाळाची जागा मेलेला गाळ घेतो. एकूण आणि गाळलेल्या सीओडीत मोठी तफावत दिसली तर वेगवान टाकीचा नाद सोडा, नाहीतर आधी चाळणी आणि निवळणी लावा.

सल्फेट. सल्फेट खाणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास काढतात. एक किलो सल्फेट मोडताना सुमारे ०.६७ किलो सीओडी खर्च होतो आणि बदल्यात हायड्रोजन सल्फाइड हातात येतो. सीओडी सल्फेटच्या दहापटीपेक्षा जास्त असेल तर सहसा निभावतं. त्याखाली गेलं की गॅस घाण, बर्नर खराब, काँक्रीट पोखरलेलं. दोंडाईचाकडच्या मका-स्टार्चवाल्यांनी हे खास बघावं, कारण मका भिजवताना सल्फर डायऑक्साइड वापरतात आणि तो गंधक शेवटी सांडपाण्यातच उतरतो. बोअरच्या पाण्यातलं सल्फेटही मोजा. त्याचा विचार कोणीच करत नाही.

चौथा आकडा चढउताराचा. सीओडी सरासरी लिटरमागे ३००० मिलिग्रॅम असणं आणि दिवसात ८०० ते ९००० मध्ये झोके घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढउतार मोठा असेल तर इक्वलायझेशन टाकीला (पाणी साठवून एकसारखं करणाऱ्या) पैसे ठेवा. ती कापून रिॲक्टर मोठा केलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. सगळेच रडत होते.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी पॅकहाउसवाल्यांसाठी इथेच थोडं आडवळण घेतो. घड धुताना चीक घालवायला तुरटी टाकतात, पुढे बुरशीनाशकाची बुचकळी असते. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचं सल्फेट. ते पाणी सीओडीला पातळ, सल्फेटला जड, वर त्यात औषध. ॲनएरोबिक टाकीत ते सोडूच नका, त्याची वाट वेगळी ठेवा. चिप्स किंवा पल्पच्या युनिटचं पाणी मात्र पिष्ट-साखरेनं भरलेलं असतं, ते टाकीला गोड लागतं.

दुसरी पायरी: तापमान, वीज आणि रात्रीचा माणूस

मिथेनवाल्यांना ३० ते ३८ अंश मानवतं. त्याखाली दर दहा अंशांना काम साधारण निम्म्यावर येतं. थंड देशांत या टाक्यांना ऊब पुरवावी लागते. आपल्याकडे भुसावळचा मे महिना आहे, जो फुकट मिळतो. पण जानेवारी विसरू नका. पहाटे पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा उघड्यावरच्या छोट्या टाकीतलं पाणी विशीपर्यंत उतरतं. थंडीत विरजण उशिरा लागतं, तसंच हे. म्हणून टाकीचं माप जानेवारीच्या पाण्यावर काढायचं, मेच्या नव्हे. टाकी अर्धी जमिनीत घेतली तर तापमान बरंच स्थिर राहतं. फक्त काळ्या मातीत खोदताय हे लक्षात ठेवा: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाखाली मुरूम भरल्याशिवाय काँक्रीट ओतू नका.

विजेच्या बाबतीत ॲनएरोबिक टाकी सोशिक आहे. सहा तास वीज गेली तर एरेशन टाकी गुदमरते. यूएएसबीतला गाळ नुसता खाली बसतो आणि पंप सुरू झाला की पुन्हा उठतो. हंगाम संपल्यावर दाणेदार गाळ काही महिने उपाशी राहून पुन्हा कामाला लागतो, हा साखर आणि फळप्रक्रियावाल्यांच्या मोठ्या फायद्याचा गुण.

आणि माणूस. रात्री दोन वाजता प्लांटवर कोण असतो, त्याला पीएच मीटर कॅलिब्रेट करता येतो का, तो किती दिवस टिकणार आहे? मालकाला मी हे सीओडीच्या आधी विचारतो. उत्तर "वॉचमन बघतो" असं आलं तर निम्मे पर्याय तिथेच गळतात.

तिसरी पायरी: टाक्या समजून घ्या

सगळ्या प्रकारांमागे एकच कोडं आहे. मिथेनवाले हळू वाढतात, म्हणून त्यांचा टाकीतला मुक्काम लांब हवा. पाण्याचा मुक्काम मात्र जितका कमी, तितकी टाकी लहान. पाणी जाऊ द्यायचं आणि जिवाणू अडवायचे. हे कोण कसं साधतो, एवढ्यावरच या टाक्या एकमेकींपासून वेगळ्या होतात.

सीएसटीआर, म्हणजे ढवळणारी गोल टाकी, हे कोडं सोडवायच्या भानगडीतच पडत नाही. पाणी आणि गाळ एकत्र ढवळतात, एकत्रच बाहेर जातात. त्यामुळे पाण्याचा मुक्काम १५ ते ३० दिवसांचा ठेवावा लागतो. घनमीटरमागे रोज १ ते ५ किलो सीओडी एवढाच भार ती घेते. पण घट्ट, चरबट, गाळकट असं काहीही पचवते. मळीच्या डिस्टिलरीचं स्पेंट वॉश, ज्याचा सीओडी लाखाच्या घरात असतो, त्याला हीच चालते. लाखाच्या सीओडीला वीस दिवस मुक्काम दिला तरी भार पाच किलोच होतो, म्हणजे टाकी काही उधळी वाटत नाही. पातळ पाण्याला मात्र ती परवडत नाही. तिच्यापुढे निवळणी लावून गाळ परत आणला की तिला काँटॅक्ट प्रोसेस म्हणतात. मुक्काम दिवसा-दोन दिवसांवर येतो आणि चरबीची सहनशक्तीही टिकते. ही टाकी सध्या फॅशनमध्ये नाही. डेअरीसाठी मला ती आवडते. तिची एकच खोड आहे: गाळाला गॅसचे बुडबुडे चिकटलेले असतात आणि तो निवळणीत बसत नाही. मध्ये गॅस काढणारी छोटी टाकी द्यायलाच लागते.

यूएएसबी ही नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या गात्झे लेटिंगा यांची १९७० च्या दशकातली देणगी. पाणी तळातून वर चढतं आणि त्या चढत्या पाण्यात जिवाणू एकमेकांना धरून दाणे करतात, खसखशीपासून बाजरीएवढे. दाणा जड असल्यानं पाणी वर निघून जातं आणि तो खालीच राहतो. माथ्याला उलट्या नरसाळ्यासारखा सेपरेटर असतो. तो गॅस एकीकडे, पाणी दुसरीकडे काढतो आणि गाळ परत खाली घसरवतो. चढण्याचा वेग तासाला अर्धा ते एक मीटर, उंची ४ ते ६ मीटर, भार औद्योगिक पाण्यावर ५ ते १५ किलो. आत एकही फिरता भाग नाही, हे तिचं सौंदर्य. तिचा घात होतो तो तळाच्या पाइपांत. दर दोन-तीन चौरस मीटरला एक इनलेट लागतो, आणि प्रत्येक इनलेटला वरच्या वाटणीपेटीतून स्वतंत्र पाइप हवा. एकाच हेडरला (आडव्या मोठ्या पाइपला) भोकं पाडून दिलेली यूएएसबी कुणी दाखवली तर हात जोडून परत या. दोन भोकं चोंदली की पाणी उरलेल्या वाटेनं सरळ वर जातं, अर्धा गाळ उपाशी पडतो आणि बाहेरून काही कळत नाही.

हिच्याच पुढच्या पिढ्या म्हणजे ईजीएसबी आणि आयसी. त्या उंच आणि सडपातळ असतात, पाण्याचा वेग तासाला ४ मीटरच्या वर, भार २० ते ३० किलोपर्यंत. जागा अगदी कमी लागते. पण विरघळलेला माल, स्थिर प्रवाह, तयार दाणे आणि जाणता ऑपरेटर, या चारही गोष्टी लागतात. मोठ्या स्टार्च कारखान्याला शोभतात. दिवसाला शंभर घनमीटर पाणी असणाऱ्यानं ब्रोशर बघून समाधान मानावं.

ॲनएरोबिक फिल्टरमध्ये जिवाणूंना चिकटायला प्लास्टिक मीडिया, खडी किंवा विटांचे तुकडे भरतात. साध्या, स्वच्छ पाण्याला उत्तम. टीएसएस आला की चोंदतो आणि मग आतली खडी काढणं म्हणजे शिक्षा. यूएएसबीच्या वरच्या तिसऱ्या भागात मीडिया टाकून केलेली संकर टाकी मला जास्त पटते. दाणे नीट तयार झाले नाहीत तरी मीडिया गाळ धरून ठेवतो.

बॅफल्ड रिॲक्टर, म्हणजे एबीआर: चार ते आठ कप्पे, पाणी प्रत्येक भिंतीखालून शिरतं आणि पुढच्या भिंतीवरून उतरतं. सेप्टिक टँकची शिकलेली धाकटी बहीण म्हणा. पहिल्या कप्प्यांत आम्ल होतं, शेवटच्यांत मिथेन, त्यामुळे अचानक आलेला धक्का पहिले कप्पे झेलतात. गवंडी बांधू शकतो, पंपाशिवाय चालते. भार कमी घेते, १ ते ३ किलो, आणि गॅस गोळा करणं कटकटीचं.

झाकलेलं लगून सगळ्यात सोपं. चार-पाच मीटर खोल तळं, खाली लायनर, वर एचडीपीईची काळी चादर. मुक्काम महिनाभराचा. जमीन स्वतःची आणि पडीक असेल तरच विचार करा. तळाला साचलेला गाळ पंधरा वर्षांनी कोण काढणार, हे आज लिहून ठेवा.

चौथी पायरी: कागदावर आकडेमोड

जळगावजवळ एक मध्यम डेअरी धरू. रोज १०० घनमीटर सांडपाणी, सीओडी ३००० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३०० किलो सीओडी.

यूएएसबी, सावधपणे भार ४ किलो धरून: ३०० भागिले ४, म्हणजे ७५ घनमीटर. पाण्याचा मुक्काम १८ तास. उंची ५ मीटर घेतली तर तळ १५ चौरस मीटर. चोवीस तास सारखा पंप चालवला तर तासाला ४.२ घनमीटर पाणी, वर चढण्याचा वेग ०.२८ मीटर. कमी पडतो. म्हणजे बाहेर पडणारं पाणी थोडं परत फिरवायला पंप लागेल, नाहीतर टाकी उंच आणि अरुंद करा. सप्लायरच्या कागदावर हा वेग लिहिलेला नसतो, तुम्ही काढा.

काँटॅक्ट प्रोसेस, भार २ किलो: १५० घनमीटर, शिवाय निवळणी. एबीआर, भार दीड किलो: २०० घनमीटर, मुक्काम दोन दिवस. लगून, तीस दिवस: ३००० घनमीटर, चार मीटर खोली धरली तरी ७५० चौरस मीटर आणि उतारांची जागा वेगळी. निवळणी नसलेली सीएसटीआर पंधरा दिवसांची धरली तर १५०० घनमीटर, म्हणजे डेअरीपेक्षा टाकी मोठी. कागद इथेच फाडायचा.

गॅस: ७५ टक्के पचन धरलं तर २२५ किलो, गुणिले ०.३५, म्हणजे सुमारे ७९ घनमीटर मिथेन. उष्णतेत हे साठ किलो एलपीजीच्या जवळ जातं, म्हणजे रोजचे १९ किलोचे तीन व्यावसायिक सिलिंडर. गळती आणि पाण्यात विरघळून जाणारा मिथेन वजा करून अडीच धरा. बॉयलर असेल तर हा पैसा खरा आहे. बॉयलर नसेल तर गॅस नुसता फ्लेअरला (उघड्या ज्योतीत) जाळला जाईल, आणि फायदा उरेल तो वाचलेल्या विजेचा, रोजच्या दीडशे-दोनशे युनिटचा.

मग कुणी काय घ्यावं

डेअरीला आधी चरबी काढायची सोय, म्हणजे फॅट ट्रॅप किंवा हवेच्या बुडबुड्यांनी चरबी तरंगवणारं डीएएफ, आणि त्यानंतर यूएएसबी किंवा संकर टाकी. चरबी काढायची तयारी नसेल तर काँटॅक्ट प्रोसेस. धुळ्याला आम्ही शेवटी तूप विभागाची धुलाई वेगळ्या पाइपनं बाहेर काढली, डीएएफ लावलं आणि जमा झालेली चरबी कँटीनच्या ओल्या कचऱ्याबरोबर एका छोट्या ढवळत्या टाकीत पचवायला दिली. यूएएसबीत नवा गाळ आणून पुन्हा बसवायला चार महिने गेले. पनीरची निवळी असेल तर तीही वेगळी धरा. तिचा सीओडी पन्नास हजारांच्या वर असतो आणि ती नाल्यात ओतली की दिवसभराचा हिशेब चुकतो.

केळी, आंबा, पेरूच्या पल्पवाल्यांसाठी यूएएसबी चांगली, पण पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस नसतो. सीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं ३५०:५:१ हे प्रमाण धरा. ३०० किलो सीओडीला सुमारे सव्वाचार किलो नायट्रोजन लागतो. तो पाण्यात अजिबात नसेल तर रोज नऊ किलो युरिया आणि फॉस्फरससाठी थोडा डीएपी. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

ग्रामपंचायत, आश्रमशाळा, वसतिगृह यांनी एबीआर घ्यावी, पुढे खडी-वनस्पतींचा वाफा. गावाच्या सांडपाण्याचा सीओडी चार-सहाशेच असतो. त्यातून गॅसची आशा धरू नका. लिटरमागे पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास मिथेन पाण्यात विरघळूनच निघून जातो, आणि एवढ्या पातळ पाण्यात तो वाटा मोठा ठरतो. कानपूरला १९८९ मध्ये गंगा कृती योजनेत रोज ५० लाख लिटरची यूएएसबी उभी राहिली, पुढे यमुनेच्या काठीही बऱ्याच झाल्या. नुसत्या यूएएसबीतून निघालेलं पाणी नदीत सोडण्यालायक होत नाही आणि पुढे आणखी एक प्रक्रिया लागते, हा धडा देशाला तिथेच मिळाला.

पाचवी पायरी: टाकी लावणं, म्हणजे विरजण

सर्वात चांगलं विरजण म्हणजे तशाच पाण्यावर चालू असलेल्या टाकीतला दाणेदार गाळ. घनमीटरमागे दहा किलो तरी जिवंत गाळ लागतो. आपल्या ७५ घनमीटरच्या टाकीला साडेसातशे किलो, म्हणजे पाच टक्के घट्ट गाळाचे सुमारे १५ घनमीटर, दोन-तीन टँकर. तो मिळाला नाही तर गोबरगॅसच्या टाकीची स्लरी चालते, पण चाऱ्याच्या काड्या जाळीतून गाळून घ्या. एकदा मी हे घाईत केलं नाही आणि सगळे इनलेट वैरणीनं बंद झाले.

पहिल्या आठवड्यात गाळाच्या किलोमागे ०.१ किलो सीओडी, म्हणजे रोज ७५ किलो, पूर्ण भाराच्या चौथाई. पुढची वाढ पंचवीस टक्क्यांनी, आणि तीही टाकी परवानगी देईल तेव्हाच. दाणेदार गाळावर महिना-दीड महिना, शेणाच्या स्लरीवर तीन ते सहा महिने. मालक घाई करतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

परवानगी मागायची पद्धत अशी. टाकीतल्या पाण्याचा निवळलेला ५० मिली नमुना बीकरमध्ये घ्या. पीएच मीटर बुडवा. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड थेंबथेंब सोडत पीएच ५.७५ वर आणा, किती मिली गेलं ते लिहा. मग ४.३ पर्यंत जा, वरचं किती गेलं ते लिहा. दुसरा आकडा भागिले पहिला. समजा आधी ११ मिली आणि नंतर २.८ मिली गेलं, तर ०.२५. टाकी खुश आहे, भार वाढवा. ०.३ ते ०.४ आलं तर आहे तिथेच थांबा. ०.४ च्या वर गेलं की भार निम्मा करा. ०.८ च्या जवळ असेल तर पाणी बंद, आणि टाकीत खाण्याचा सोडा. चुना स्वस्त म्हणून ओतू नका, तो कार्बोनेट होऊन गाळावर दगडासारखा बसतो.

हे दहा मिनिटांचं काम आहे. नुसत्या पीएचवर विसंबू नका. तो शेवटी पडतो, आणि पडला तेव्हा टाकी चार दिवसांपूर्वीच आजारी झालेली असते. आबा आता हे रोज सकाळी करतात आणि वहीत लिहितात, निळ्या शाईनं चांगलं, लाल शाईनं वाईट. वही भिजते म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात.

महिन्यातून एकदा टाकीच्या वेगवेगळ्या उंचीच्या नळांतून नमुने काढून लिटरच्या सिलिंडरमध्ये बसू द्या. गाळाचा थर कुठपर्यंत चढलाय ते कळतं. सेपरेटरच्या खाली मीटरभर आला की जादा गाळ काढा. तो विकला जातो, फेकू नका.

जिवाची गोष्ट

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीनं स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास शंभर पीपीएमच्या आसपास नाकाला कळेनासा होतो, म्हणजे वास गेला तेव्हा धोका वाढलेला असतो. टाकीत माणूस उतरवायचा नाही. पाहणीला उतरायलाच लागलं तर टाकी पूर्ण रिकामी, ब्लोअरनं हवा, चार गॅसांचा मीटर, कमरेला दोर, वर दोन माणसं आणि हवेचा सिलिंडर. सेप्टिक टँक आणि गटारात माणसाला संरक्षणाशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपली टाकी कारखान्याची आहे म्हणून वायू वेगळा वागत नाही. गॅसच्या पाइपला उतार आणि खालच्या टोकाला पाणी काढायचा सापळा द्या. फ्लेअरची ज्योत भर उन्हात दिसत नाही, जवळ जाताना ध्यानात असू द्या.

बाहेर निघणारं पाणी

आपल्या डेअरीत ३००० चे ७५० मिलिग्रॅम झाले. नदी-नाल्यात सोडायला सर्वसाधारण मर्यादा सीओडी २५० आणि बीओडी ३० आहे, जमिनीवर सिंचनाला बीओडी १००. तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्यात) याहून कडक आकडा असू शकतो, तो वाचा. म्हणजे पुढे एरेशन लागणारच, फक्त ३०० किलोऐवजी ७५ किलोचं. ॲनएरोबिक पाण्यात विरघळलेला सल्फाइड असतो, म्हणून आधी पाणी पायऱ्यांवरून उतरवून हवा लागू द्या. ती जागा ऑपरेटरच्या खोलीपासून लांब ठेवा.

शेवटी बहुतेक जण विचारतात, हे पाणी केळीला चालेल का? डेअरीवाल्यांनी इथे जपावं. सीआयपीचा कॉस्टिक म्हणजे सोडियम, आणि तो ना ॲनएरोबिक टाकीत कमी होतो ना एरेशनमध्ये. आपली काळी माती सोडियमनं घट्ट होते, पाणी मुरणं बंद होतं, आणि शेतकऱ्याला हे दोन-तीन वर्षांनी कळतं. पाण्याचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, त्याचं माप) दहाच्या आत आहे का ते तपासा, बागेला देताना विहिरीच्या पाण्यात मिसळून द्या, आणि दर उन्हाळ्यात त्या शेतातली माती एकदा प्रयोगशाळेत पाठवा.